करदोडा तोकडा का झाला?

आपल्याकडे पुष्कळ पुरुषांच्या कमरेला करदोडा असतो. लग्नाच्या वेळी सैल असलेला करदोडा चाळिशीत काचू लागतो. मग माणूस त्याची गाठ पुढे सरकवतो. आणखी दोन वर्षांनी नवा करदोडा आणतो. बायकांचेही तसेच. शिंपी ब्लाउजच्या शिवणीत आत थोडे कापड राखून ठेवतो. त्याला माया म्हणतात. ती माया दर दोन दिवाळ्यांनी उसवावी लागते. एके दिवशी माया संपते आणि शिंपी म्हणतो, "बाई, आता नवंच शिवा."

कोणी विचारले तर आपण हसून सांगतो, "वयच झालं आता." शेजारी म्हणतात, "खात्यापित्या घरचे दिसता." पूर्वी पोट हे श्रीमंतीचे लक्षण होते. सावकाराला असायचे, कुळाला नसायचे. आता तसे राहिले नाही. रिक्षावाला, वॉचमन, भाजी विकणारी बाई, धुणीभांडी करणारी मावशी, यांच्या घरीही मधुमेहाच्या गोळ्यांचा डबा आला आहे. २०२३ साली देशभरची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात भारतात १० कोटींहून अधिक माणसांना मधुमेह असल्याचे आढळले. आणखी १३ कोटींहून अधिक माणसे त्याच्या उंबरठ्यावर उभी होती. म्हणून या करदोड्याची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

प्रथम वजन किती वाढते ते पाहू. फार नाही. वर्षाला अर्धा किलो, कोणाचे एक किलो. एवढे कोणाच्या ध्यानात येत नाही. पण तीस ते पन्नास ही वीस वर्षे धरा. अर्ध्या किलोने गुणा. दहा किलो झाले. दहा किलो म्हणजे दहा लिटर पाण्याने भरलेली बादली. ती बादली उचलून दिवसभर चालायचे, जिना चढायचा, रात्री पोटावर घेऊन झोपायचे. गुडघे का कुरकुरतात हे मग निराळे सांगायला नको.

आता, वाढते का? लोक म्हणतात, चाळिशीनंतर जठराग्नी मंद होतो, खाल्लेले अंगी लागते. ही समजूत इतकी पक्की आहे की शिकलेली माणसेही तीच सांगतात. पण २०२१ साली जगातल्या शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन या गोष्टीचा छडा लावला. २९ देशांतल्या सहा हजारांवर माणसांचे शरीर दिवसाला किती अन्न जाळते याची मोजणी त्यांनी पाहिली. आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धांपर्यंत सगळे त्यात होते. काय दिसले? शरीराच्या मांसाच्या मानाने पाहिले तर विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत हा खर्च जवळजवळ सारखाच राहतो. साठीनंतर तो हळूहळू उतरतो. म्हणजे चाळिशीत भट्टी विझत नाही. बिचाऱ्या जठराग्नीवर उगाच आळ येतो.

मग बदलले काय? दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे अंगातले मांस. वापर नसला तर तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू शेकडा ३ ते ८ या मानाने घटतात. स्नायू हे अन्न खाणारे बैल आहेत. दावणीचा एक बैल कमी झाला आणि वैरण मात्र तेवढीच टाकत राहिलो, तर वैरण उरणारच. ही उरलेली वैरण म्हणजे चरबी.

दुसरी गोष्ट म्हणजे काम. तुमच्या आजीने जात्यावर दळले, पाट्यावर वाटले, आडाचे पाणी शेंदले. आईने नदीवर धुणे धुतले. आज पीठ गिरणीतून येते, वाटण मिक्सरमध्ये होते, पाणी नळाला येते. हे चांगलेच झाले. बायकांची मान मोडणारी कामे गेली, त्याबद्दल मला काडीचे दुःख नाही. पुरुष पूर्वी दोन कोस चालत बाजाराला जात, मग सायकलवर जाऊ लागले, आता कोपऱ्यावरच्या दुकानातही मोटारसायकलवरून जातात. काम गेले. ताट मात्र आजोबांच्या मापाचेच राहिले.

यावर घरकाम करणाऱ्या बायका म्हणतील, "गुरुजी, आम्ही तर पहाटेपासून राबतो. आमचं पोट का सुटतं?" प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तरही आहे. ओट्याशी उभे राहून भांडी घासली की पाय दुखतात, पाठ दुखते, पण छातीचा भाता काही जोरात चालत नाही. थकवा येणे वेगळे आणि अन्न जळणे वेगळे. वॉचमन बारा तास जागतो आणि थकतो, पण त्या बारा तासांतले दहा तो खुर्चीवर असतो. शिवाय झोप अपुरी झाली की भूक जास्त लागते, हेही आता ठाऊक झाले आहे. रात्रपाळीचा माणूस पहाटे तीनला चहा आणि खारी घेतो, ती काही उगीच नाही.

आणि पाच घरची कामे म्हणजे पाच घरचा चहा. हा हिशेब पाटीवर मांडू. कपात दोन चमचे साखर. एक चमचा ५ ग्रॅमचा. कपाला १० ग्रॅम, पाच कपांना ५० ग्रॅम. महिन्याला दीड किलो. वर्षाला सव्वाअठरा किलो साखर एका माणसाच्या पोटात गेली, आणि तीही नुसत्या चहातून. शिरा, लाडू, सरबत यांची गणतीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर अधिक बरे. म्हणजे पाच चमचे. आपण चहातच दहा संपवले. गुळाचा चहा घेतला म्हणजे सुटका झाली असे पुष्कळांना वाटते. गूळही जवळजवळ तेवढीच उष्णता देतो.

अन्नातली ही उष्णता उष्मांकांत मोजतात. एका चमचा साखरेत २० उष्मांक. अंगावरच्या एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० उष्मांक. याला वर्षाच्या ३६५ दिवसांनी भागा. २१ आले. म्हणजे रोज एक चमचा साखर गरजेहून जास्त गेली की वर्षाला किलोभर चरबीची बेगमी होते. प्रत्यक्षात आकडा याहून थोडा मोठा भरतो. कारण वाढलेल्या वजनाला पोसायलाही अन्न लागते. पण गोम ध्यानात आली ना? ही वाढ कोणा लग्नातल्या जिलब्यांची नसते. रोजच्या चमच्याची असते.

ही चरबी कोठे बसते, याला फार महत्त्व आहे. चरबी दोन जागी साठते. एक कातडीखाली. ती चिमटीत धरता येते. दुसरी पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात. ती चिमटीत येत नाही, पण खरी खोडी तिचीच. ती रक्तात सारखी स्निग्ध द्रव्ये सोडत राहते. मग स्वादुपिंडातून येणाऱ्या इन्सुलिनचे काम अडते. इन्सुलिन म्हणजे साखरेला रक्तातून शरीराच्या पेशींत नेणारा हमाल. त्याला दार उघडले नाही की साखर रक्तातच राहते. मधुमेहाचा रस्ता हाच.

आणि या बाबतीत आपले भारतीय शरीर जरा फसवे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकाच्या साप्ताहिकात आपलेच उदाहरण छापले. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा डॉक्टरांचा एक आकडा असतो. दोघांचाही तो २२.३ होता. सारखाच. कोणी त्यांना जाडे म्हटले नसते. मग अंगातली चरबी मोजली. साहेबांच्या शरीरात ती शेकडा ९.१ भरली आणि याज्ञिकांच्या शरीरात शेकडा २१.२. दुपटीहून जास्त! याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या तान्ह्या बाळांचीही मापे घेतली आहेत. इंग्लंडमधल्या बाळांशी ताडून पाहता आपली बाळे वजनाला पुष्कळ हलकी निघाली, मांस कमी निघाले, पण पाठीवरची चरबी मात्र फारशी कमी नव्हती. हातपाय काटक्या आणि पोट नगारा, अशी माणसे आपल्या गल्लीत किती आहेत ते आठवा. "मी तर बारीक आहे" म्हणणाऱ्याने म्हणून निर्धास्त राहू नये.

मग मोजायचे कसे? वजनकाटा नसला तरी चालेल. एक सुतळी घ्या. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा आणि टाचेपासून डोक्यापर्यंत उंचीएवढी सुतळी कापा. आता ती बरोबर दुमडा. ही दुमडलेली सुतळी कमरेभोवती फिरवा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, कपड्यावरून नव्हे, अंगावरून. पोट आत ओढू नका. श्वास सहज सोडा. सुतळीची टोके एकमेकांना भेटली तर ठीक. मध्ये बोटे मावतील एवढी फट राहिली तर पोट जास्त आहे. शिंप्याची टेप असेल तर पुरुषांनी ९० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच, आणि बायकांनी ८० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेएकतीस इंच, ही आपल्या लोकांची मर्यादा ध्यानात ठेवावी. विजारीच्या पट्ट्यावर जाऊ नका. पुष्कळ लोक पोटाखाली पट्टा बांधतात आणि "माझी कंबर अजून बत्तीसच" असे सांगतात.

बायकांनी एक गोष्ट जाणून असावी. पाळी जाण्याच्या सुमारास चरबीची जागा बदलते. जी मांड्यांवर, कुल्ल्यांवर बसायची ती पोटाकडे येते. वजन तेवढेच आणि कंबर मात्र वाढलेली, असे होऊ शकते. त्या वयात सुतळी काट्यापेक्षा खरे बोलते.

आता उपाय. उपवासाचे आधी सांगतो, कारण आपल्याकडे वजन म्हटले की उपवास सुचतो. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण आपल्याच लोकांनी केली आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ सगळी पिठी. त्यात शेंगदाण्याचा कूट, वर तूप, सोबत बटाट्याची भाजी. देवासाठी उपवास करायचा तर खुशाल करा, पण त्याचे पुण्य कमरेच्या खात्यावर मांडू नका.

आपले ताट वाढायची जुनी रीत मोठी शहाणी आहे. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी, उसळ. मध्ये भात, पोळी किंवा भाकरी. आपण ही रीत ठेवली आणि मापे उलटी केली. कोशिंबीर चमचाभर, भाजी तोंडी लावायला, आणि मधला डोंगर वाढत गेला. तो डोंगर उतरवायचा. अर्धे ताट भाजी, पालेभाजी, काकडी, मुळा, गाजर, कांदा यांनी भरा. पाव भाग डाळ, उसळ, मासळी किंवा अंडे. उरलेल्या पाव भागात भाकरी, पोळी किंवा भात. चार भाकऱ्यांच्या जागी आधी तीन करा. मूग, मटकी, चवळी महाग वाटत असेल तर भाताची बचत तिकडे वळवा. मांस टिकवायचे तर डाळ-उसळ लागतेच.

भाकरीबद्दलही थोडे बोलले पाहिजे. हल्ली भाकरीला औषधाचा मान आला आहे. ज्वारी चांगली, कोंड्यासकट पोटात जाते, भूक टिकवते. पण १०० ग्रॅम ज्वारी, गहू किंवा तांदूळ, काहीही घ्या, उष्मांक ३२० ते ३६० च्या दरम्यानच असतात. ज्वारीच्या म्हणून पाच भाकऱ्या खाल्ल्या तर त्या पाचच मोजल्या जातील. १०० ग्रॅम तेलात मात्र ९०० उष्मांक आहेत. म्हणून घरातल्या तेलाचा हिशेब करा. महिन्याला किती किलो तेल येते? घरात माणसे किती? भागा. माणशी पाऊण किलोच्या आत बसले पाहिजे, अर्धा किलो झाले तर फारच चांगले. चार माणसांच्या घरात पाच किलोचा डबा महिन्यात संपत असेल तर फोडणीची पळी लहान करा. बाटलीतून थेट कढईत ओतू नका. चमच्याने मोजून घाला.

चहाची साखर एकदम बंद करू नका. चार दिवसांत चीड येईल आणि आठव्या दिवशी तीन चमचे पडतील. दर पंधरवड्याला पाव चमचा कमी करा. जिभेला कळतही नाही. दारूचे एवढेच सांगतो की तिच्यात उष्मांक भरपूर असतात आणि तिच्याबरोबर येणाऱ्या शेव-फरसाणात त्याहून जास्त.

चालण्याविषयी लोकांचा गैरसमज असा की सकाळी अर्धा तास चालले म्हणजे दिवसभर काहीही खायला मोकळे. साठ-पासष्ट किलोच्या माणसाने अर्धा तास झपझप चालले तर सव्वाशेच्या आसपास उष्मांक खर्च होतात. एका वडापावात साधारण त्याच्या दुप्पट असतात. नाक्यापर्यंत चालत जाऊन वडापाव खाऊन परत येणाऱ्यांचे गणित तुम्हीच सोडवा. तरीही चालायचे, आणि रोज चालायचे. कारण चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे पाय मोकळे केले तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. शतपावली म्हणून आपले लोक हेच करीत आले. आठवड्याला दीडशे मिनिटे हा किमान हिशेब. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, एवढा वेग ठेवा.

दावणीतला बैल परत आणायचा तर नुसते चालणे पुरत नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस जोर लागेल असे काही करावे. खुर्चीवरून हात न टेकता उठायचे, बसायचे, दहा वेळा. थोडे थांबून पुन्हा दहा वेळा. भिंतीला हात टेकून जोर काढायचे. ज्यांचे गुडघे चांगले आहेत त्यांनी बैठका काढाव्या. यासाठी तालमीचे पैसे लागत नाहीत. नुसते पोट हलवून पोट उतरत नाही, आणि पोटाला पट्टा बांधून घाम काढला तर पाणी जाते, चरबी जात नाही. दोन तांबे पाणी प्यायले की ते वजन परत येते.

किती उतरवायचे? लग्नाच्या फोटोतली कंबर परत आणायचा हट्ट नको. वजनाचा विसावा भाग उतरला तरी रक्तातली साखर आणि रक्तदाब सुधारू लागतात. ७० किलोच्या माणसाला साडेतीन किलो. तेही सहा महिन्यांत. चेन्नईला मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांवर असा प्रयोग झाला. त्याचे निकाल २००६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी खाण्यात आणि चालण्यात बदल केला त्यांच्यात मधुमेह होण्याचा धोका शेकडा २८.५ ने घटला. गोळीवाचून! काट्यावर आठवड्यातून एकदाच उभे राहा, सकाळी, काही खाण्याआधी. रोज पाहू नका. पाण्याने आणि मिठाने वजन किलोभर इकडेतिकडे होतच असते.

महिन्यात दहा किलो उतरवणाऱ्या भुकट्या, काढे आणि चहा यांच्या जाहिरातींना एक पैसाही देऊ नका. पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. वजन उतरवणारी इंजेक्शने आता खरोखर निघाली आहेत, पण ती डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून घेण्याची वस्तू नव्हे, आणि चार-दोन किलोंसाठी तर नव्हेच.

काही वेळा वजन अन्नामुळे वाढत नाही. थोड्या महिन्यांत एकदम वाढले, पायावर सूज आली, फार थंडी वाजते, सारखी मरगळ वाटते, तर डॉक्टरला दाखवा. थायरॉईड नावाच्या गळ्यातल्या ग्रंथीचे काम मंदावले असेल, किंवा हृदयाचा अथवा मूत्रपिंडाचा विकार असेल. सांधेदुखीवर कोणाच्या पुड्या चालू असतील तर तेही सांगा. तसल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते आणि त्याने तोंड व पोट सुजल्यासारखे वाढते. उलट, काही न करता वजन उतरू लागले तर आनंद मानू नका. क्षयात आणि वाढलेल्या मधुमेहातही तसे होते. गरोदर बाईने वजन उतरवण्याच्या भानगडीत पडूच नये.

तिशी उलटलेल्यांसाठी आशाताई घरी एक फॉर्म घेऊन येतात. आता तुम्हाला वाचता येते, तेव्हा तो स्वतः वाचून पाहा. वय, तंबाखू, दारू, कमरेचे माप, आठवड्यातली हालचाल, घरात कोणाला मधुमेह वा रक्तदाब आहे का, असे प्रश्न असतात. प्रत्येकाला गुण असतात. इथे जास्त गुण मिळवण्यात शहाणपणा नाही, हे माझ्यासारख्या मास्तराला सांगताना जड जाते. बेरीज चारच्या वर गेली तर सरकारी दवाखान्यात लवकर तपासणी करून घ्यावी लागते. माप विचारले की अंदाजाने सांगू नका. टेप फिरवू द्या. रक्तदाब आणि साखर दवाखान्यात मोफत पाहतात. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ असेल तर तुम्ही उंबरठ्यावर आहात. १२६ किंवा त्याहून जास्त असेल तर डॉक्टर पुन्हा तपासून खात्री करतील. तो कागद फेकू नका. त्याच्या मागे तारीख आणि कमरेचे माप लिहा, आणि दुमडलेल्या सुतळीबरोबर रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवून द्या. सहा महिन्यांनी दोन्ही बाहेर काढा.